हिवाळी वादळाचे चार दिवस : ग्वाल्हेरच्या घरांसाठी

आपल्याकडची घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. जाड दगडी भिंती, उंच छत, पायाखाली फरशी, जुना वाडा असेल तर मधोमध उघडा चौक. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा हीच घरं आपल्याला तारतात. पण जानेवारीत मावठा येतो, सोबत गारा आणतो आणि मागे उत्तरेचा वारा सोडून जातो, तेव्हा ती भिंत आणि ती फरशी हाडात शिरते. लश्कर भागातला वाडा असो की सिटी सेंटरमधला फ्लॅट, घर उबदार ठेवायची पक्की सोय कुठेच नसते. मग जो तो आपापल्या परीने ऊब शोधतो, आणि अपघात तिथेच होतात.

गारा फार तर अर्धा तास पडतात. माणसं आजारी पडतात ती त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत: ओल्या कपड्यांनी, बंद खोलीतल्या शेगडीने, धुक्यातल्या गाडीने. म्हणून तयारी चार दिवसांची करायची. आणि त्या चार दिवसांत सगळ्या घराने एका खोलीत राहायचं. त्या खोलीत मजा असली तरच पोरं आणि म्हातारी माणसं तिथे टिकतील, हे आधीच धरून चाला. पत्ते, गाणी आणि गरम वरणफळं यांना मी म्हणूनच बॅटरी आणि औषधांइतकंच महत्त्व देते.

काय येतंय ते ओळखा

आपल्याकडचं हिवाळी वादळ बहुतेक वेळा पश्चिमी झंझावाताचं असतं. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही प्रणाली पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येते. हिमालयात बर्फ पाडते, मैदानात पाऊस. राजस्थानवर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि अरबी समुद्राकडची वाफ त्यात ओढली गेली, की ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात मेघगर्जना आणि गारपीट होते.

क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या दिवशी ढग येतात, वारा दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून वाहू लागतो, आणि रात्री चक्क कमी गारठा वाटतो. ‘गेली बाई थंडी’ म्हणून रजया बाजूला पडतात त्या याच रात्री. दुसऱ्या दिवशी पाऊस, विजा, गारा. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि जमीन ओली असली की दाट धुकं. मग आकाश निवळतं, हिमालयाकडचा वारा मोकळा सुटतो आणि पारा कोसळतो. मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेलं की हवामान विभाग शीतलहर धरतो. २ अंश किंवा त्याखाली गेलं की तीव्र शीतलहर. मात्र नुसत्या किमान आकड्यावर जाऊ नका. धुकं दुपारपर्यंत न हटणारा, ऊनच न पडणारा दिवस अंगाला जास्त झोंबतो, कारण शरीराला सावरायला मधे तास-दोन तासही मिळत नाहीत.

इशाऱ्याचे रंग लक्षात ठेवा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आत्ता पावलं उचला. फोनमध्ये दोन अ‍ॅप असू द्या. ‘मौसम’ हवामान विभागाचं आहे. ‘दामिनी’ आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते कळवतं. शिवाय हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो, तो दुपारी बाहेर पडण्याआधी बघायची सवय लावा.

ढग आले त्याच दिवशी

आधी गच्चीवर जा. पावसाळ्यानंतर तिथे कोणी फिरकलेलं नसतं. पाला, तुटक्या कुंड्या, पतंगाचे कागद पाणी जायच्या तोंडाशी अडकलेले असतात. गारांचा थर साचला की हेच तोंड बुजतं आणि पाणी जिन्यातून घरात येतं. ती जागा साफ करा. सुटे पत्रे, टाकीचं झाकण आणि कपड्यांचे स्टँड बांधून किंवा आत आणून ठेवा. वाळत घातलेलं सगळं आत घ्या. दुचाकी जिन्याखाली, आणि गाडीवर जुनी गोधडी टाकून वर कव्हर.

मग खाली येऊन एवढं करा: टॉर्च, पॉवर बँक आणि सगळे फोन चार्ज करा. पंप चालू असताना टाकी आणि पिण्याचे हंडे भरून घ्या, कारण वीज गेली की पाणीही गेलं. घरातल्या प्रत्येकाची रोजची औषधं आठवडाभर पुरतील एवढी आहेत का ते मोजा, दम्याचा पंप विशेष करून. गॅसचा दुसरा सिलेंडर भरलेला आहे का बघा. पीठ, तूरडाळ, मूगडाळ, गूळ, तीळ, शेंगदाणे, चहा, दुधाची पावडर.

आणि मोठ्या अक्षरांत दारामागे चिकटवा: ११२ कोणत्याही संकटासाठी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १९१२ वीज तक्रार, १३९ रेल्वे चौकशी. नंबर फोनमध्ये आहेत हे खरं, पण नेमका तो फोन ज्याच्याकडे असतो तोच घरापासून दूर अडकलेला असतो, आणि घरी आजी एकट्या असतात.

विजा आणि गारा

वीज चमकली की मनात आकडे मोजा. आवाज यायला जितके सेकंद लागले त्याला तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आतच आहे, लगेच आत या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून वीज थांबली असं नसतं.

आत आल्यावर टीव्ही, वाय-फायचा राउटर, फ्रिज यांचे प्लग काढा. अंघोळ, धुणं, भांडी थांबवा. जुन्या घरांत लोखंडी नळ असतात. खिडकीत उभं राहून गंमत बघू नका, विशेषतः चौकावर काचेचं छत असेल तर. बाहेर अडकलात तर कडुलिंबाखाली किंवा पत्र्याच्या टपरीखाली नको, पक्कं घर किंवा बंद काचांची चारचाकी गाठा. किल्ल्यावर असाल तर तटबंदीवरून ताबडतोब उतरून इमारतीच्या आत जा. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

गारा पडताना चौक ओलांडणं भागच असेल तर हेल्मेट घाला. पाऊस थांबल्यावर रस्त्यात तुटलेली तार दिसली तर लांब राहा, साचलेल्या पाण्यात तर पायच टाकू नका, आणि १९१२ ला कळवा.

आता मुलांचा भाग. अर्धा तास सरला की चौकाच्या कोपऱ्यात साचलेल्या गारा वाटीत भरून आणू द्या. खायच्या नाहीत, हवेतली धूळ आणि गच्चीवरची घाण त्यांना लागलेली असते. एक मोठी गार निवडा, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. मग स्टीलचं ताट कोमट पाण्याने पुसून त्यावर ती गार हळूहळू घासा. निम्मी झिजली की उजेडाकडे धरा: कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पारदर्शक, एक दुधाळ. ढगात गार वर-खाली होत वाढली. पाणी सावकाश गोठलं तिथे स्वच्छ थर, झटकन गोठून हवा अडकली तिथे दुधट थर. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवा, तो पुढच्या गारपिटीची वाट बघत बसेल, आणि अर्धा तास आत थांबायला कुरकुरणारही नाही.

शेगडी

या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. आधी बाहेर पेटवली, धूर जाऊ दिला, निखारे लाल झाल्यावर आत आणली, तरीही नाही. आपल्याकडे सगळ्यात घातक समज हाच आहे की धूर संपला म्हणजे धोका संपला. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलासुद्धा येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त जोराने त्याला धरून ठेवतं. त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग गुंगी. आणि थंडीच्या रात्री गुंगी आली तर माणूस त्याला झोप समजतो.

ओळखायची खूण: खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर ती सर्दी नव्हे. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ लावा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा.

मग शेगडी वापरायचीच नाही का? वापरा, पण चौकात, ओसरीवर, गच्चीच्या उघड्या बाजूला. संध्याकाळी सगळ्यांनी भोवती बसा, कणसं भाजा, शेंगा भाजा. झोपायला जाण्याआधी निखारे वाळूने किंवा पाण्याने पूर्ण विझवा आणि शेगडी बाहेरच ठेवा. रजईत आधी गरम पाण्याची पिशवी ठेवली तर अंथरूण तेवढंच ऊबदार होतं. पिशवीला टॉवेल गुंडाळा. मधुमेहाच्या माणसांच्या पायाला चटका कळत नाही.

हाच वायू न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधूनही येतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवलेला असावा. आत असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच अंघोळीला जा. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी खोली तापवायला पेटती ठेवणं, हेही याच जातीचं.

विजेच्या हीटरने हा वायू होत नाही, पण आग लागते. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर वीज खेचतो. साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला ते पेलत नाही, वायर आतून वितळते. १६ अँपिअरच्या भिंतीतल्या प्लगलाच लावा, रजई आणि पडद्यांपासून तीन फूट लांब, आणि झोपताना बंद. पाणी तापवायचा रॉड असेल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बादलीला हात. मुलांना त्या वेळात न्हाणीघरात जाऊ देऊ नका.

एक खोली, सगळं घर

घरातली सगळ्यात लहान, खिडक्या कमी असलेली, शक्यतो दक्षिणेकडची खोली निवडा. फरशीवर आधी सतरंजी, तिच्यावर गाद्या. थंडी खालूनच जास्त लागते. दारांच्या फटींत जुन्या कापडाच्या गुंडाळ्या ठेवा, पण एक झरोका उघडा राहू द्या, सात-आठ माणसांच्या श्वासाला तो हवाच. चार-पाच माणसं एका खोलीत बसली की हीटरशिवायही फरक पडतो. शिवाय कोण शिंकतंय, कोण कुडकुडतंय, कोण जेवलं नाही हे डोळ्यांसमोर राहतं.

कपड्यांचा नियम साधा: एक जाड स्वेटर घालण्याऐवजी तीन पातळ थर. अंगाला लागून कोरडा बनियन किंवा थर्मल, त्यावर लोकर, बाहेर जायचं असेल तर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी घरातही. मोजे भिजले की तेव्हाच बदला. ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं.

जेवायला वरणफळं करा. वादळाच्या दिवसाला याहून सोयीचं काही नाही: एक पातेलं, वीज लागत नाही, आणि सगळ्या घराला काम मिळतं. कणकेत ओवा, तीळ, हळद, थोडं तेल घालून घट्ट भिजवा. आजींनी पोळी लाटायची, मुलांनी सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापायची. वाकडीतिकडी झाली तर उत्तम. तुरीच्या पातळ वरणाला मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, चिंच किंवा आमसूल, गूळ. वरण खळखळून उकळलं की फळं एक-एक करून सोडा. सगळी एकदम टाकलीत तर गोळा होतो. मंद आचेवर पंधरा मिनिटं, अधूनमधून हलवत. फळ मधे तोडून बघा, आत पिठाची पांढरी रेघ राहिली नसेल तर झालं. वर तूप, सोबत भाजलेला पापड. दुपारच्या खाण्याला मुगाचे मंगोडे आणि चहा, जेवल्यावर गजक किंवा डिंकाचा लाडू. गजकीचा तुकडा दातांची कवळी लावणाऱ्या आजोबांना मोडून द्या.

फोनची बॅटरी गरजेला राखायची असल्याने खेळ हाताने खेळायचे. चौघं असतील तर मेंढीकोट, लहान मुलं असतील तर बदाम सात आणि झब्बू, मुली सागरगोटे काढतील. रात्री भेंड्या. आपलं तर गाण्याचं गाव. माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालापासून इथे आहे, घराघरांत कोणीतरी चार वर्षं शिकलेलं सापडतं. माळ्यावरची पेटी खाली काढा. आत्याला एखादं नाट्यपद म्हणायला लावा, ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन ऐकलेल्या आजोबांकडून एक आख्यान ऐका. मोठ्या मुलांना तापमानाची वही द्या: सकाळी सात आणि दुपारी दोन, गच्चीतलं आणि खोलीतलं. चार दिवसांनी आलेख काढला की झंझावात आला कधी, गेला कधी, हे त्यांना स्वतःला वाचता येतं.

आजी-आजोबा आणि तान्ही बाळं

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे पहाटेचा वेळ हृदयरोग्यांसाठी जड. फूलबागेतलं पहाटेचं फिरणं हे चार दिवस बंद. ऊन पडल्यावर अंगणातच फेऱ्या. रात्री उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, शाल-मोजे घालायचे, मग पाय खाली. अंघोळ दुपारी, एखादा दिवस नाही केली तरी चालेल. पाणी प्यायला आठवण करा, थंडीत तहान कळत नाही.

अंग गार पडणं ही वेगळी गोष्ट आहे, ती ओळखता आली पाहिजे. माणूस कुडकुडायचं थांबला, बोलणं अडखळू लागलं, काहीबाही बोलू लागला किंवा सुस्त पडला, तर वेळ घालवू नका. १०८ लावा, ओले कपडे काढा, कोरड्या रजईत गुंडाळा, छाती-पोटाकडून ऊब द्या. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा. हातपाय जोरजोरात चोळू नका, आणि ब्रँडी तर अजिबात नको. दारूने अंग गरम वाटतं पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

तान्ह्या बाळाला आईच्या अंगाशी धरणं हीच सर्वांत चांगली ऊब. टोपडं, मोजे हवेत, पण झोपताना तोंडावर पांघरूण येता कामा नये.

धुक्याच्या दिवशी

दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं, ५० मीटरच्या खाली अतिदाट. आग्रा किंवा झाशीच्या रस्त्यावर अशा सकाळी निघणं टाळा, दहानंतर निघा. निघावंच लागलं तर दिवा खालच्या झोतावर. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेघेचा आधार घ्या, काच थोडी उघडी ठेवून मागच्या-पुढच्या गाड्यांचे आवाज ऐका. थांबायचं तर रस्त्यावर नाही, ढाब्याच्या आवारात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, उबेला मांजर आत बसलेलं असतं. पाहुणे रेल्वेने येणार असतील तर १३९ वर गाडी कुठे आहे ते विचारूनच स्टेशनवर जा, आणि त्यांना डबा-थर्मास सोबत ठेवायला सांगा.

गल्लीतला चौकीदार, कामाला येणाऱ्या ताई, त्यांना कोरडे मोजे आणि चहा मिळतोय ना, हे आपणच बघायचं. फुटपाथवर कोणी झोपलेलं दिसलं तर जवळच्या रैन बसेऱ्यापर्यंत, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यापर्यंत, पोचवा. कुत्र्यांसाठी जिन्याखाली कोरडं गोणपाट टाका.

गावाकडे शेत असेल आणि मोहरी किंवा गहू झोपला असेल, तर पीक विम्याची माहिती नुकसानीपासून ७२ तासांच्या आत द्यावी लागते. क्रमांक १४४४७. शेताचे फोटो त्याच दिवशी काढा.

ऊन पडल्यावर

पहिल्या स्वच्छ दुपारी रजया-गाद्या गच्चीवर टाका, पण चारच्या आत उचला, नाहीतर दव पिऊन पुन्हा ओल्या होतात. भिंतीवर ओल उतरली असेल तर तिथल्या बटणांना कोरड्या हातानेही स्पर्श करू नका, आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. टाकीत गच्चीचं पाणी शिरलं असेल तर ती धुवा, तोवर पाणी उकळून प्या. पायाची बोटं लाल होऊन खाजत असतील तर ती एकदम गरम पाण्यात घालू नका. कोरडी, उबदार ठेवा, फोड आले तर डॉक्टरांकडे.

मग अकराच्या सुमारास सगळ्यांनी किल्ल्यावर जा. पाऊस धूळ खाली बसवतो, त्यामुळे मानमंदिर महालाच्या भिंतींवरच्या निळ्या-पिवळ्या फरश्या त्या दिवशी वेगळ्याच उठून दिसतात, आणि वरून बाडा, मुरार, किल्ल्याखालचं जुनं शहर सगळं स्वच्छ दिसतं. हत्ती पोळ दरवाजाकडची दगडी चढण ओली असताना घसरते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडीने न्या. डब्यात तिळाच्या वड्या घ्या, एक जादा शाल घ्या, आणि तीन-साडेतीनला उतरायला लागा. सूर्य कलला की वरचा वारा पुन्हा बोचायला लागतो.